सेटिंग पीस

पिंपरी-चिंचवडमध्ये शांतता नाही असं म्हणणं हा या गावावर अन्याय आहे. शांतता आहे, पण ती शिफ्टने येते आणि प्रत्येक शिफ्टचा मालक ठरलेला असतो. सकाळी नऊनंतरची शांतता नाइट मारून आलेल्यांची. रात्री दहानंतरची फर्स्टवाल्यांची, कारण त्यांची बस पहाटे चौकात येते आणि कुणासाठी थांबत नाही. उरलेल्या वेळात कुकर, वॉशिंग मशीन, क्लासला निघालेली पोरं आणि स्पाइन रोडवरून चाकणकडे जाणारे कंटेनर. घरात बसून गिटार वाजवायची, वर गायचं आणि ते कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचं, अशा माणसाला या वेळापत्रकात कुठे बसवायचं? १९७२ साली नवनगर वसवायला प्राधिकरण झालं तेव्हा सेक्टर आखले, शाळांना, बागांना, बाजारांना भूखंड ठेवले; गाणाऱ्याची सोय कुणी पाहिली नाही. पाहणार तरी कसे? तेव्हा रेकॉर्डिंग म्हणजे मुंबईला जाऊन करायची गोष्ट, नाहीतर आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर. आणि तिथेही आधी बोलावणं यावं लागे.

आता ती गोष्ट आमच्या यमुनानगरातल्या मधल्या खोलीत चालते. भाचा चाकणला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे. बार्शीहून आला, आमच्याकडे राहिला, कायम झाला, दुचाकी घेतली. इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणे. दुचाकीचे हप्ते चालू असतानाच त्याने गिटार आणली आणि गिटारमागोमाग घरात एकेक खोकं यायला लागलं. फोकसराइटची लाल डबी आली, जिच्यात पुढून माइकची आणि गिटारची पिन जाते आणि मागून केबल निघून लॅपटॉपमध्ये शिरते. कंडेन्सर माइक आला. त्याला चालायला ४८ व्होल्ट लागतात आणि ते डबीवरचं बटण दाबलं की माइकच्याच केबलमधून पोचतात. कान पुरते झाकणारे हेडफोन आले. सॉफ्टवेअर तेवढं फुकट. ऑडॅसिटी नावाचं ते प्रकरण अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या दोघांनी १९९९ मध्ये करायला घेतलं आणि पुढच्या वर्षी सगळ्या जगाला वाटून टाकलं. “मामा, गाणं फुकट असतं, वायरींना पैसे पडतात,” असं भाचा म्हणाला. ते खरं असावं. घरातल्या वायरी बघून आमच्या हिला केबलवाला राहायला आल्यासारखं वाटायला लागलं होतं.

गाणं त्याचं स्वतःचं आहे. प्रेमाचं आहे, पण निम्मं तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये सुचलेलं असल्याने त्यातली नायिका कायम पुढच्या चौकात असते.

मला गाणं कळत नाही, पण त्याची भाषा कळते, कारण माझी सगळी नोकरी मशीन शॉपमध्ये गेली. नवा जॉब लावला की पहिले काही पीस सेटिंगमध्ये जातात. टूल कुठे भिडतंय, माप कुठे सरकतंय हे बघायला ते काढायचेच असतात. ते प्रॉडक्शनमध्ये धरत नाहीत आणि रिजेक्शनमध्येही नाही. भाचा पहिल्या टेकना सेटिंग पीस म्हणतो. ओळ चांगली पण शेवट घसरलेला, तो टेक रिवर्कला. बाकीचे स्क्रॅप. प्रत्येक स्क्रॅप टेकसमोर त्याने वहीत कारण लिहिलं आणि एका सुट्टीला, कंपनीत काढतात तसा, त्या कारणांचा पॅरेटो काढला. पॅरेटो म्हणजे दोषांची उतरती रांग. बहुतेक माल कुठल्या एक-दोन कारणांनी बिघडतो ते त्यात उघडं पडतं. मला वाटलं, वर स्पाइन रोड असणार. रस्ता तिसरा निघाला. पहिला नंबर खुर्चीचा, जी नुसता श्वास घेतला तरी करकरते. दुसऱ्या नंबरावर सरळ लिहिलं होतं: मामा. कंसात खोकला, चपला, आणि ‘चहा टाकू का रे?’

पुढच्या रकान्यात उपाय लिहायचा असतो. खुर्चीसमोर ‘स्टूल’ असं लिहिलेलं होतं. माझ्यासमोरचा रकाना त्याने रिकामा ठेवला. बार्शीची माणसं अजून मामाला मान देतात.

पण या सगळ्यात मला एक गोष्ट कळली, जी इतकी वर्षं या गावात राहून कळली नव्हती. इथे आपण येतो तेव्हा पहिल्या काही महिन्यांत कान एकच काम शिकतो: ऐकायचं नाही. प्रेसचा दणका, कॉम्प्रेसरची धाप, हायवेची घरघर, लोहगावहून उडालेलं सुखोई, लोकलचा भोंगा, एकेक करून सगळं कानावेगळं होतं. मग गावाकडून पाहुणा येतो आणि म्हणतो, तुम्ही झोपता तरी कसे? आपण विचारतो, का, काय झालं? माइकने ही ट्रेनिंग घेतलेली नाही. तो रोज नव्याने गावाहून येतो.

भाच्याने एकदा नुसती खोलीच रेकॉर्ड केली. बोलायचं नाही, वाजवायचं नाही, अर्धा मिनिट. हे करावंच लागतं. खोलीचा मूळ आवाज सॉफ्टवेअरला आधी एकटा दाखवला की नंतर तो गाण्याखालून बराचसा उपसून काढता येतो. मग त्याने हेडफोन माझ्या कानांवर चढवले आणि आवाज वाढवला. भिंतीवरचं घड्याळ, जे टिकटिकतं हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं, ते घण घालत होतं. फ्रिज दचकून सुरू झाला. कुणाच्या तरी टाकीत पाणी पडत होतं. दूर कुठे तरी ट्रक गिअर बदलत होता. आणि या सगळ्याच्या बुडाशी एक अखंड ‘हूंऽऽ’. तो कोपऱ्यावरच्या डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा.

त्या हूंकाराची गोष्ट सांगितलीच पाहिजे. आपली वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा उलट्यालाही किंचित ताणला जातो आणि सुलट्यालाही, म्हणून तो सेकंदाला १०० वेळा थरथरतो. गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या पट्टीत बोट ठेवलं की येणारा सूर ९८ चा, म्हणजे जी. पेटीवाल्यांची पांढरी पाच. तर निगडीपासून चाकणपर्यंत जेवढे म्हणून ट्रान्सफॉर्मर आहेत, ते सगळे रात्रंदिवस पांढरी पाचचा षड्ज धरून बसलेत, आणि तोही जरा चढा. एवढा मोठा तंबोरा मिरजेतही कुणी केला नसेल. भाच्याचं गाणं नेमकं जी मध्ये होतं. तो गिटार बिनचूक लावायचा आणि तरी रेकॉर्डिंगमध्ये सूर सेकंदाला दोनदा हेलकावे खायचा: ९८ विरुद्ध १००. डीपीला सुरात आणणं आपल्या हातात नाही. शेवटी त्याने दुसऱ्या पट्टीवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावून गाणंच वर सरकवलं, ए मध्ये. आता १०० चा तो बारीक पट्टा फिल्टरने कापला तरी गाण्याच्या मुख्य सुराला धक्का लागत नाही.

माइकला ऐकू येणारी एक गोष्ट मात्र मला हेडफोन लावूनही येत नाही. ती म्हणजे ‘हिस’. गाण्यावर पावडर भुरभुरावी तसा बारीक सुस्कारा, जो भाच्याला सारखा छळतो. माझ्या बाजूने तो कधीच मिटला आहे. कायद्याने कारखान्यात ९० डेसिबलमध्ये आठ तास काढायला परवानगी आहे, आणि आमच्या शॉपमध्ये ते आठ तास रोज भरून निघत. दरवर्षीच्या मेडिकलला कानांची तपासणी व्हायची, कागदावर एक रेघ यायची आणि ती ४००० च्या आकड्याला खड्ड्यात उतरायची. दर वर्षी खड्डा थोडा खोल. मशीन शॉपमधल्या कुणाचाही कागद काढा, खड्डा त्याच जागी. नेमका तिथेच, आणि त्याच्या थोडा वर, ‘स’ आणि ‘श’चा काटा असतो. भाचा म्हणतो, “माझा ‘स’ फार टोचतोय.” मला तो अगदी सोज्वळ वाटतो. त्यामुळे पहिला श्रोता म्हणून माझी नेमणूक पक्की आहे. मला दाखवलं की त्याचा धीर वाढतो, आणि मग तो खऱ्या कानांच्या माणसाकडे पाठवतो.

दुसरं काम मला मिळालं ते मापाचं. नवशिके माइक गिटारच्या भोकासमोर धरतात, कारण आवाज तिथूनच निघताना दिसतो. तिथे नुसता घुमारा. माइक न्यायचा तो दांडी आणि पेटी जिथे मिळते तिथे, बाराव्या ते चौदाव्या पट्टीसमोर, वीत-दीड वीत लांब, आणि तोंड जरासं भोकाकडे. दोन बोटं इकडे सरकवला तर तारांचा खरखरीतपणा वाढतो, दोन बोटं तिकडे तर पेटीचा जाडपणा. भाच्याला एकदा बरी जागा सापडे, तो पाणी प्यायला उठे आणि परत येऊन दुसरीकडेच बसे. मी फरशीवर पिवळी चिकटपट्टी मारून दिली: स्टूलचे चार पाय इथे, स्टँड इथे, डावा पाय इथे. शॉप फ्लोअरवर हे पोराटोरांना कळतं, गाण्यात अजून आलेलं नाही. आवाजाची पातळीही मीच बघतो. पडद्यावरची हिरवी पट्टी वर जाऊन लाल झाली की संपलं. आवाजाचं टोक सपाट कापलं जातं आणि कापलेलं परत भरता येत नाही. वर १०-१२ डेसिबलचा अलाउन्स सोडायचा. मशीन शॉपमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात: मटेरियल काढता येतं, चिकटवता येत नाही.

खोलीचा प्रश्न वेगळा. चार सपाट भिंती, खाली गुळगुळीत टाइल्स. टाळी वाजवली की ती खोलीभर टपटपत फिरते. कुणीतरी सांगितलं, अंड्यांचे ट्रे लावा. घरात ऑम्लेटचा हंगाम सुरू झाला आणि ट्रे भिंतीवर चढले. पुठ्ठ्याच्या त्या खळग्यांनी आवाज फारसा शोषला जात नाही, पण खोलीला पोल्ट्रीची कळा मात्र येते. खरं तर या पट्ट्यात आवाज गिळणाऱ्या मालाची कमतरता असू नये. गाडी आतून शांत ठेवणं हा इथला धंदाच आहे. डॅशबोर्डमागे फेल्ट, दारात फोम, गालिच्याखाली जाड थर. आवाज, थरथर आणि खडखड मोजणारे इंजिनिअर एआरएआय या वाहनांच्या संशोधन संस्थेत बसून गाड्यांचे कान तपासतात. लाखभर गाड्यांतून शांतता भरून बाहेर पाठवणाऱ्या गावात एका मधल्या खोलीपुरती ती निघत नाही. भाच्याच्या कंपनीत फेल्टचे रिजेक्ट तुकडे ढिगाने पडतात, पण गेटपासशिवाय सुतळीसुद्धा बाहेर निघत नाही. पूर्वी असला माल कुदळवाडीच्या भंगार बाजारात मिळून जाई. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली गोदामं पाडली आणि तोही रस्ता बंद झाला.

मग आमच्या हिने माळ्यावरून वाकळ काढली. तिच्या आईच्या हातची, आत जुन्या नऊवारींचे थर, वर धावदोरा. वाकळ कुठे टांगायची यावर वाद झाला. मला वाटत होतं, माइकच्या मागे. भाचा म्हणाला, नाही, गाणाऱ्याच्या पाठीमागे. माइकचं तोंड तिकडे आहे, तर त्याला दिसणारी भिंत झाकायची. ते पटलं. तेव्हापासून तो दाराच्या चौकटीत वाकळीला पाठ देऊन उभा राहतो आणि गातो. टाळीची टपटप थांबली. खालचा घुमारा वाकळीने हटत नाही, पण ८० च्या खालचं सगळं फिल्टरने छाटलं की कंटेनरही बरेचसे जातात. गिटारची सगळ्यात जाड तारच ८२ ला सुरू होते, त्यामुळे तिचं काही बिघडत नाही. पंखा अर्थातच बंद. मे महिन्यात वाकळ आणि बंद पंखा यांच्यात उभं राहून प्रेमगीत म्हणणाऱ्याच्या आवाजात जी आर्तता येते ती खरी असते.

गिटार आणि गाणं दोन्ही एकदम करायचं नाही, असं जाणकार सांगतात. आधी कानात टिकटिक लावून एकटी गिटार, मग ती ऐकत वर गाणं. कागदावर हे सोपं आहे. प्रत्यक्षात गाणं नसताना गिटार वाजवणारा माणूस रस्ता चुकतो. तिसऱ्या ओळीनंतर मुखडा की दुसऱ्या? म्हणून तो मनात गातो, मग ओठांत, मग त्याला न कळत गुणगुणतो आणि ती गुणगुण गिटारच्या ट्रॅकवर बसते. पुढे गाताना आणखी एक चमत्कार: आपलाच आवाज हेडफोनमध्ये उशिरा पोचतो. कॉम्प्युटर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेतो, पण ते एकेक न पाठवता खेप भरून पाठवतो. १०२४ नमुन्यांची खेप धरली तर भरायलाच २३ मिलिसेकंद गेले. तेवढ्या वेळात आवाज हवेतून आठ मीटर जातो. येतानाची आणि जातानाची खेप धरली की आपण खोलीत गातोय आणि ऐकतोय ते थेट गेटापाशी. खेप लहान करावी तर लॅपटॉप धापा टाकतो आणि आवाजात फटफट येते. उपाय डबीवरच असतो: एक छोटं बटण, जे आपला आवाज कॉम्प्युटरला न विचारता परस्पर कानात सोडतं. ते तिथे असतं हे माहिती पुस्तिकेत लिहिलेलं असतं. माहिती पुस्तिका खोक्यात असते. खोकं माळ्यावर असतं.

हे सगळं बघताना मला गौहरजानचं नवल वाटतं. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या गेसबर्गसाहेबाने भोंगा मांडला आणि बाईंनी त्यात तोंड घालून राग गायला. ना वीज, ना माइक, ना रिवर्क. तीनेक मिनिटांत सगळं आटपायचं आणि शेवटी इंग्रजीत आपलं नाव पुकारायचं, कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या कामगाराला कळायला हवं की हे गाणं कुणाचं. भाचा हे ऐकून म्हणाला, “म्हणजे बॅच नंबर!”

त्याचं दैवत निराळं आहे. ब्रुस स्प्रिंगस्टीन नावाचा अमेरिकन गवई १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीमधल्या भाड्याच्या घरात, बेडरूममध्ये, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर आणि दोन साध्या माइकवर गिटार घेऊन गायला. बँडला चाली कळाव्यात एवढाच हेतू. कॅसेट खिशात टाकून फिरत होता, तिला डबीसुद्धा नव्हती. मग बँडसह स्टुडिओत तीच गाणी पुन्हा केली, पण ती बात येईना. शेवटी कॅसेटवरचंच गाणं जसंच्या तसं ‘नेब्रास्का’ नावाने त्या सप्टेंबरात बाजारात आलं. पुढच्याच महिन्यात इकडे पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, पण त्याची तिकडे कुणी दखल घेतली नाही. “मामा, त्याचे सेटिंग पीसच डिस्पॅच झाले,” भाचा सांगतो. आणि त्याच्या डोळ्यांत जे दिसतं ते क्वालिटीतल्या माणसाच्या डोळ्यांत शोभत नाही.

आमच्या पट्ट्यात गुरुवार चांगला. भोसरी-चिंचवडच्या बऱ्याच छोट्या कारखान्यांना त्या दिवशी सुट्टी असते आणि दुरुस्तीसाठी वीजही बहुधा गुरुवारीच जाते. वीज गेली की लोक हळहळतात. आमच्या घरात धावपळ उडते. फ्रिज गप्प, डीपी गप्प, शेजारचा मिक्सर गप्प, आणि लॅपटॉप बॅटरीवर. चार्जर लावल्यावर गिटारमध्ये येणारी किरकिरही नाही. लाल डबीला वीज लॅपटॉपच देतो. शेजारच्यांचा इन्व्हर्टर तेवढा भुणभुणत राहतो, पण तो दोन भिंतींपलीकडे आहे. परवाच्या गुरुवारी अशीच घडी जमली. मी खोकला आधीच संपवून घेतला होता. गिटारचा ट्रॅक तयार होता; भाचा वाकळीला पाठ लावून उभा राहिला आणि गायला. पहिलं कडवं, दुसरं कडवं, आणि मलासुद्धा कळलं की हा पीस पास होणार. तिसऱ्या कडव्यात नायिका पुढच्या चौकात दिसली आणि खालून आवाज आला, भंगाऽऽर… रद्दी, पेपर, जुना फ्रिज, कूलर, इन्व्हर्टर बॅटरी…

वीज नसली तरी त्याचा भोंगा बॅटरीवर चालतो.

भाच्याने रेकॉर्डिंग थांबवलं नाही. भोंगा दूर गेल्यावर ते परत ऐकलं, आणि मग तिथेच आवाज वाढवून पुन्हा. कपाळाला आठी घालून म्हणाला, “मामा, ऐका. त्याच्या मागे कुकरची शिट्टी आहे.” होती. ‘जुना फ्रिज’ आणि ‘कूलर’ यांच्या मधोमध, बारीक, पण स्वच्छ. कुठल्या तरी घरात, स्वयंपाक चालू असताना, याने भोंगा तोंडाशी धरून स्वतःला रेकॉर्ड केलं होतं. वाकळ नाही, फिल्टर नाही, पातळी सगळी लालमध्ये. आणि ते रेकॉर्डिंग रोज सगळं यमुनानगर ऐकतं. इतके श्रोते भाच्याला जन्मात मिळायचे नाहीत.

तो खाली गेला. मी गॅलरीत उभा राहिलो. भांडण झालं तर सोडवायला वडीलधारं कुणी हवं. हातगाडी कोपऱ्यावर थांबली होती.

“दादा, हे कशावर रेकॉर्ड केलंय?”

“ह्याच भोंग्यावर. बटन आहे की. घरी बसून केलं.”

“किती वेळा केलं?”

“एकदाच. परत कशाला? ऐकू येतंय ना?”

भाचा थोडा घुटमळला. मग म्हणाला, माझ्याकडे चांगला माइक आहे, वर चला, पाच मिनिटांत एकदम क्लिअर करून देतो, पैसे नकोत, ती मागची शिट्टीपण जाईल.

“नको नको, शिट्टी राहू द्या,” भंगारवाला घाईने म्हणाला. “मधी एकाने दिलं होतं भरून, लई क्लिअर. दोन दिवस एक बाई खाली आली नाही. म्हणल्या, आम्हाला वाटलं दुसरंच कोण आहे.”